मॅक्रोची ओळ हिरवी, पण आतल्या वाटा तपासल्या का? कव्हरेज शिकणाऱ्यांसाठी

मोटर सुरू करणारा प्रोग्रॅम लिहिला, दोन चाचण्या चालवल्या, कव्हरेज (चाचण्यांत कोडच्या किती ओळी चालल्या, त्याचं प्रमाण) १०० टक्के आलं. तरीही एका फेजचा विजेचा दाब घसरला तर प्रोग्रॅम काय करतो, हे त्या दोन्ही चाचण्यांनी एकदाही पाहिलेलं नसू शकतं. कव्हरेजचं साधन इथे खोटं बोलत नाही. ते ओळी मोजतं, आणि सी भाषेतला मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी अख्खा कोड भरला जातो असं नाव) पाच-सहा ओळींचं काम एका ओळीत दडवतो.

कपाशीच्या तासाच्या तोंडाशी कोणी जाऊन उभं राहिलं म्हणून तो तास वेचून झाला असं कोणी म्हणत नाही. मॅक्रोच्या ओळीसमोरचा आकडा मात्र तेवढंच सांगतो: प्रोग्रॅम या ओळीपर्यंत आला होता. आतल्या कोणत्या वाटेनं गेला, ते नाही.

विदर्भात डिप्लोमा, बीसीए, बीई करणारी बरीच मुलंमुली प्रोजेक्टला कृषिपंपाचा किंवा ठिबकचा कंट्रोलर घेतात, म्हणून उदाहरण तेच घेतलं आहे. आज्ञा आणि कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते इंग्रजी अक्षरांत टंकायचे. शून्य जोडलेला «-ओ०» म्हणजे मोठा ओ, शून्य नसलेला «-ओ» म्हणजे छोटा. «-डी», «-ई» आणि «-पी» मोठ्या अक्षरात, बाकीचे पर्याय छोट्या अक्षरांत.

आधी मशीन तयार करा

उबुंटू असलेला साधा लॅपटॉप पुरतो. जीसीसी (सीचा कंपाइलर) आणि एलकॉव्ह (कव्हरेजचा रंगीत अहवाल बनवणारं साधन) ही दोन पॅकेजं बसवा:

सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी एलकॉव्ह

कव्हरेज मोजून दाखवणारा जीकॉव्ह जीसीसीसोबतच येतो, वेगळा बसवायचा नाही. गावात नेट धड चालत नसेल तर तालुक्याला गेल्यावर एकदा उतरवून घ्या, पुढे लागणारी क्लँग, एलएलव्हीएम आणि क्लँग-फॉरमॅट ही साधनंही तेव्हाच. पुढचं सगळं काम, अगदी ब्राउझरमध्ये अहवाल पाहण्यापर्यंत, नेटशिवाय होतं. एक काळजी घ्या: जीसीसी आणि जीकॉव्ह एकाच आवृत्तीचे हवेत. दोन आवृत्त्या बसल्या असतील तर जीकॉव्ह आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार करतो आणि आकड्यांवर भरवसा राहत नाही.

कव्हरेज मोजायचं ते लॅपटॉपवर, कंट्रोलरच्या चिपवर नाही. त्यासाठी रिले चालू करणारं फंक्शन खऱ्या पिनला हात लावणारं नको. चाचणीच्या फाइलमध्ये त्याच नावाचं नुसतं «मला बोलावलं» एवढी नोंद ठेवणारं फंक्शन लिहा.

तपासायचा कोड

पंप.सी या फाइलचा मुख्य भाग एवढाच आहे («ठीक», «चूक_...» ही नावं आणि रिले_चालू यांच्या व्याख्या इथे दाखवलेल्या नाहीत):

#डिफाइन हद्द_पाहा(मूल्य, किमान, कमाल, चूक) \
  डू { \
    इफ ((मूल्य) < (किमान)) रिटर्न (चूक); \
    इफ ((मूल्य) > (कमाल)) रिटर्न (चूक); \
  } व्हाइल (०)

इंट मोटर_सुरू(इंट आरवाय, इंट वायबी, इंट बीआर, इंट पाणी)
{
  हद्द_पाहा(आरवाय, ३५०, ४५०, चूक_आरवाय);
  हद्द_पाहा(वायबी, ३५०, ४५०, चूक_वायबी);
  हद्द_पाहा(बीआर, ३५०, ४५०, चूक_बीआर);
  इफ (पाणी < ३)
    रिटर्न चूक_कोरडं;
  रिले_चालू();
  रिटर्न ठीक;
}

थ्री फेजच्या दोन-दोन तारांमधला (आर-वाय, वाय-बी, बी-आर) दाब साधारण ४१५ व्होल्ट असायला हवा. ३५० च्या खाली किंवा ४५० च्या वर असेल तर मोटर सुरू करायची नाही, आणि पंपावर ३ फुटांपेक्षा कमी पाणी असेल तरी नाही. या मर्यादा उदाहरणापुरत्या आहेत. तुमच्या मोटरच्या पाटीवर आणि स्टार्टरच्या कागदावर जे लिहिलं असेल ते घ्या.

चाचण्या सध्या दोनच. पहिली: तिन्ही दाब ४१५, पाणी १० फूट, उत्तर «ठीक». दुसरी: तिन्ही दाब ४१५, पाणी २ फूट, उत्तर «चूक_कोरडं».

पहिल्यांदा मोजा

पायरी १. फाइली वेगवेगळ्या कंपाइल करा:

जीसीसी --कव्हरेज -ओ० -जी -सी पंप.सी
जीसीसी --कव्हरेज -ओ० -जी -सी चाचणी.सी
जीसीसी --कव्हरेज पंप.ओ चाचणी.ओ -ओ चाचणी

सगळं एकाच आज्ञेत उरकलं तर जीसीसी ११ पासून नोंदीच्या फाइलींच्या नावापुढे प्रोग्रॅमचं नाव लागतं, आणि मग जीकॉव्हला फाइल सापडत नाही म्हणून नवशिके तासभर अडकतात. «-ओ०» सोडू नका. ऑप्टिमायझेशन चालू असलं की कंपाइलर ओळी एकमेकींत मिसळतो आणि आकडे आणखी वाकडे येतात.

कंपाइल झाल्यावर पंप.जीसीएनओ ही फाइल दिसेल. तो कोडचा नकाशा आहे.

पायरी २. चाचणी चालवा: ./चाचणी. आता पंप.जीसीडीए तयार होईल. त्यात प्रत्यक्ष मोजणी असते.

इथे दोन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली, जीसीडीए फाइल प्रोग्रॅम नीट संपला तरच लिहिली जाते. कंट्रोलरचा मुख्य लूप कधीच संपत नाही. तो कंट्रोल-सी दाबून थांबवला तर मोजणी गेली. म्हणून चाचणीचा प्रोग्रॅम स्वतःहून संपणारा हवा. दुसरी, प्रोग्रॅम पुन्हा चालवला की नवी मोजणी जुन्या मोजणीत मिळवली जाते. काल चाललेली आणि आज काढून टाकलेली चाचणीसुद्धा आजच्या आकड्यात दिसत राहते. प्रत्येक वेळी आधी जीसीडीए फाइली पुसा.

पायरी ३. अहवाल काढा:

जीकॉव्ह -बी -सी पंप.सी

पडद्यावर ओळींचं कव्हरेज १०० टक्के दिसेल. त्याच्या खालच्या दोन ओळी नीट वाचा, खरी गोम तिथे आहे:

ब्रँचेस एक्झिक्युटेड: १००.००% ऑफ १४
टेकन अॅट लीस्ट वन्स: ५७.१४% ऑफ १४

ब्रँच म्हणजे इफच्या प्रश्नातून फुटणारी एक वाट. «ब्रँचेस एक्झिक्युटेड» म्हणजे तो प्रश्न विचारला गेला, एवढंच. दोन्ही उत्तरं मिळाली का, ते «टेकन अॅट लीस्ट वन्स» सांगतो. आपल्याला दुसरा आकडा हवा असतो. वाचणारे बहुतेक वेळा पहिला वाचून पुढे जातात.

१४ कुठून आले? मॅक्रोत दोन इफ, प्रत्येकाच्या दोन वाटा, म्हणजे ४. तीन वेळा वापरला म्हणून १२. पाण्याच्या इफच्या २. आपल्या चाचण्यांनी मॅक्रोतल्या «सगळं ठीक» बाजूच्या ६ वाटा आणि पाण्याच्या २, अशा ८ वाटा घेतल्या. ८ भागिले १४ म्हणजे ५७.१४ टक्के. दाब कमी-जास्त झाल्यावर मोटर रोखणाऱ्या सहाच्या सहा वाटा कोऱ्या आहेत, आणि मोटर जळण्यापासून वाचवायची ती त्याच वाटांनी.

आता पंप.सी.जीकॉव्ह ही फाइल उघडा. मॅक्रोची पहिली ओळ अशी दिसते:

२*:  हद्द_पाहा(आरवाय, ३५०, ४५०, चूक_आरवाय);
ब्रँच ० टेकन ०
ब्रँच १ टेकन २
ब्रँच २ टेकन ०
ब्रँच ३ टेकन २

ओळीच्या डावीकडची खूण समजून घ्या. आकडा म्हणजे तितक्या वेळा ओळ चालली. आडवी रेघ म्हणजे त्या ओळीत चालण्यासारखं काही नाही. ##### म्हणजे ओळ आहे, पण कधी चाललीच नाही. आकड्यामागचा तारा म्हणजे ओळ चालली, पण तिच्या पोटातला काही भाग चालला नाही. हा तारा जीसीसी ८ पासून येतो, आणि मॅक्रोच्या बाबतीत तोच पहिला इशारा. एलकॉव्हच्या रंगीत पानावर तारा दिसत नाही, ओळ नुसती चाललेली दिसते. म्हणून सुरुवातीला रंगीत पान बाजूला ठेवून ही साधी फाइलच वाचायची सवय लावा.

ब्रँचसमोर «नेव्हर एक्झिक्युटेड» असेल तर तो प्रश्नच विचारला गेला नाही. «टेकन ०» असेल तर प्रश्न विचारला, पण ते उत्तर कधी आलं नाही.

मॅक्रो उघडून पाहा

ओळीसमोर तारा का आला ते कळत नसेल तर प्रीप्रोसेसरनं तिचं काय केलं ते पाहा:

जीसीसी -ई -पी पंप.सी -ओ पंप_उघडा.सी

या फाइलच्या शेवटी तुमचं फंक्शन सापडेल. त्यात मॅक्रोचं नाव उरलेलं नसतं. प्रत्येक जागी अख्खं डू-व्हाइल एका लांबलचक ओळीत पसरलेलं असतं. कंपाइलरला दिसतो तो हा कोड. जीकॉव्ह मात्र हे सगळं, जिथे मॅक्रो बोलावला त्या मूळ ओळीच्या नावावर लावतो. मॅक्रोत लूप असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण लूपच्या फेऱ्या आणि ओळीवर किती वेळा आलो हे सगळं एकाच आकड्यापाशी येऊन बसतं.

दुसऱ्याचा कोड हाती आला असेल आणि त्यात बदल करायची मुभा नसेल, तर ही उघडलेली फाइल क्लँग-फॉरमॅट या कोड मांडणाऱ्या साधनानं मांडून घ्या, म्हणजे एका ओळीवर एक विधान येईल. मग पंप.सी ऐवजी तीच कव्हरेजसह कंपाइल करा. अहवाल वाचायला रूक्ष असतो, पण न चाललेली प्रत्येक ओळ ##### घेऊन उभी राहते. हे तपासणीपुरतं करा. उघडलेली फाइल प्रोजेक्टमध्ये जपून ठेवू नका, मूळ कोड बदलला की ती शिळी होते.

मॅक्रोचं फंक्शन करा

कोड तुमचाच असेल तर हा उपाय सगळ्यात पक्का. फंक्शनसारखं वागणारा मॅक्रो खरोखरच फंक्शन करून टाका:

स्टॅटिक इनलाइन इंट हद्द(इंट मूल्य, इंट किमान, इंट कमाल, इंट चूक)
{
  इफ (मूल्य < किमान)
    रिटर्न चूक;
  इफ (मूल्य > कमाल)
    रिटर्न चूक;
  रिटर्न ०;
}

मोटर_सुरू मध्ये प्रत्येक फेजसाठी तीन ओळी होतील: उत्तर घ्या; उत्तर शून्य नसेल तर; ते परत करा. «ठीक» म्हणजे ० हे धरलेलं आहे. इफ आणि त्याचं रिटर्न एकाच ओळीवर लिहू नका, नाहीतर मॅक्रोचा दोष तुम्ही हातानं परत आणाल.

त्याच दोन चाचण्या पुन्हा चालवा. आता पाच ओळींसमोर ##### येईल: हद्द फंक्शनमधले चूक परत करणारे दोन रिटर्न आणि मोटर_सुरू मधले तीन. टक्केवारी खाली आली म्हणून घाबरू नका, आधीचा १०० चा आकडाच फुगलेला होता.

आता चाचण्या वाढवा. आर-वाय ३४०, वाय-बी ४६०, बी-आर ३४०: या तीन जोडल्या की पाच चाचण्यांत ओळी आणि ब्रँच दोन्ही १०० टक्के होतात. पण इथेच थांबू नका. समजा बी-आरच्या ओळीत ४५० ऐवजी हात घसरून ४५०० टंकलं गेलं. बी-आरला फक्त कमी दाबाची चाचणी दिली आहे, जास्त दाबाची नाही. «कमालपेक्षा जास्त» ही वाट वाय-बीनं हिरवी केली, आणि फंक्शन एकच असल्यानं ती तिन्ही फेजसाठी हिरवी दिसते. पाचही चाचण्या पास होतील आणि चूक तशीच राहील.

मॅक्रोच्या रूपात हीच वाट प्रत्येक ओळीवर वेगळी मोजली जात होती, आणि ब्रँच १०० टक्के करायला आठ चाचण्या लागल्या असत्या: तिन्ही फेजना कमी आणि जास्त अशा सहा, अधिक आधीच्या दोन. आमचा सल्ला असा की फंक्शन करा, पण चाचण्या आठच लिहा. प्रत्येक चाचणीत कोणती चूक परत आली तेही ताडून पाहा. नक्कल करताना तिसऱ्या ओळीत चूक_वायबी राहून गेलं असेल, तर कव्हरेजला ते कधीच कळणार नाही, आणि वावरातला माणूस बी-आरचा बिघाड असताना भलतीच तार तपासत बसेल.

मॅक्रो ठेवायचाच असेल तर क्लँग

काही मॅक्रोंचं फंक्शन होत नाही. ओळ क्रमांक छापणारे किंवा नावं जोडून नवं नाव बनवणारे, असे. तिथे क्लँग या दुसऱ्या कंपाइलरचं कव्हरेज उपयोगी पडतं. ते मूळ कोडच्या रचनेवरून मोजतं, त्यामुळे मॅक्रोचा विस्तार त्याला वेगळा ओळखता येतो. क्लँग आणि एलएलव्हीएम बसवून:

क्लँग -एफप्रोफाइल-इन्स्ट्र-जनरेट -एफकव्हरेज-मॅपिंग पंप.सी चाचणी.सी -ओ चाचणी
./चाचणी
एलएलव्हीएम-प्रोफडेटा मर्ज -स्पार्स डिफॉल्ट.प्रोफरॉ -ओ पंप.प्रोफडेटा
एलएलव्हीएम-कॉव्ह शो ./चाचणी -इन्स्ट्र-प्रोफाइल=पंप.प्रोफडेटा -शो-एक्सपान्शन्स -शो-ब्रँचेस=काउंट

«-शो-एक्सपान्शन्स» दिल्यावर मॅक्रोच्या प्रत्येक वापराखाली त्याचा विस्तार स्वतःच्या आकड्यांसह उघडतो. डिफाइनच्या ओळीसमोर जो आकडा दिसतो तो सगळ्या वापरांची बेरीज असतो. तो पाहून कोणत्याही एका फेजबद्दल निष्कर्ष काढू नका.

इफडेफ: इथे आकडा उलट्या बाजूनं फसतो

रात्रीची लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्टार्टचा भाग #इफडेफ ऑटो_सुरू आणि #एंडिफ यांच्यामध्ये लिहितात. ऑटो_सुरू हे नाव न देता कंपाइल केलं तर तो भाग कंपाइलरपर्यंत पोचतच नाही. जीकॉव्ह त्या ओळींसमोर ##### लावत नाही, आडवी रेघ लावतो. म्हणजे त्या ओळी एकूणातूनच गळतात. ४० ओळी कधीच चालल्या नाहीत तरी टक्केवारी जराही हलत नाही. अहवालात कोडच्या ओळीसमोर रेघ दिसली की आधी वर इफडेफ आहे का ते पाहा.

उपाय म्हणजे दोन्ही रूपं बांधून मोजायची. साधा आणि ऑटो अशी दोन फोल्डरं करा, पण मूळ फाइली जागच्या जागी ठेवा, कारण जोडणी फाइलच्या पत्त्यावरून होते.

जीसीसी --कव्हरेज -ओ० -जी -सी पंप.सी -ओ साधा/पंप.ओ
जीसीसी --कव्हरेज -ओ० -जी -डीऑटो_सुरू -सी पंप.सी -ओ ऑटो/पंप.ओ

चाचणीची फाइलही तशीच दोन्हीकडे बांधा आणि दोन्ही प्रोग्रॅम चालवा. एकाच फोल्डरात दोन्ही बांधले तर दुसऱ्याचा नकाशा पहिल्यावर लिहिला जातो, आणि मोजणी जुळत नसल्याचा इशारा येतो. मग:

एलकॉव्ह --कॅप्चर --डिरेक्टरी साधा --आउटपुट-फाइल साधा.इन्फो
एलकॉव्ह --कॅप्चर --डिरेक्टरी ऑटो --आउटपुट-फाइल ऑटो.इन्फो
एलकॉव्ह -ए साधा.इन्फो -ए ऑटो.इन्फो -ओ एकत्र.इन्फो
जेनएचटीएमएल एकत्र.इन्फो --आउटपुट-डिरेक्टरी अहवाल

एलकॉव्ह ब्रँच मोजत नाही, जोवर तुम्ही सांगत नाही. आवृत्ती २ मध्ये «--आरसी ब्रँच_कव्हरेज=१», आवृत्ती १ मध्ये «--आरसी एलकॉव्ह_ब्रँच_कव्हरेज=१» हे चारही आज्ञांना द्या. मात्र एखाद्या मॅक्रोचा अर्थच दोन्ही रूपांत वेगळा असेल, तर त्या ओळीच्या ब्रँचची बेरीज निरर्थक होते. ओळींचा आकडा एकत्र पाहा, ब्रँचचा वेगवेगळा.

इतर भाषांबद्दल थोडक्यात. इलिक्सिरमध्ये मॅक्रोचं अंग कंपाइल होतानाच चालतं आणि कव्हरेजची मोजणी नंतर सुरू होते, म्हणून भरपूर वापरलेला मॅक्रोही न चाललेला दिसतो. मॅक्रोतला विचार साध्या फंक्शनमध्ये हलवा, मॅक्रोनं फक्त त्याला बोलवावं, आणि चाचणी त्या फंक्शनला द्या. रस्टमधले प्रोसिजरल मॅक्रोही कंपाइलरच्या पोटात चालतात. तिथेही हाच मार्ग.

अॅसर्ट आणि वगळण्याच्या खुणा

अॅसर्ट (दिलेली अट खोटी ठरली तर प्रोग्रॅम थांबवणारा) हाही मॅक्रोच, आणि त्याच्या आत इफ असतो. नापास होण्याची वाट चांगल्या कोडमध्ये कधी घेतली जात नाही, म्हणून प्रत्येक अॅसर्टमागे एक ब्रँच कोरी राहते. ती भरण्यासाठी अॅसर्ट मुद्दाम पाडू नका: अॅसर्ट पडला की प्रोग्रॅम अॅबॉर्टनं मरतो आणि जीसीडीए लिहिलीच जात नाही, त्या फेरीची सगळी मोजणी जाते. एनडिबग देऊन अॅसर्ट उडवणंही बरं नाही, कारण मग तुम्ही तपासता तो कोड वेगळा आणि रोज चालवता तो वेगळा.

अशा ओळीच्या शेवटी टिप्पणीत «एलकॉव्ह_एक्ससीएल_बीआर_लाइन» ही खूण मोठ्या अक्षरांत लिहा. ब्रँचची मोजणी वगळली जाते, ओळ मोजली जाते. अख्खी ओळच वगळणारी «एलकॉव्ह_एक्ससीएल_लाइन» ही वेगळी खूण आहे. अॅसर्टला ती लावू नका. आणि हद्द_पाहा सारख्या, खरा निर्णय घेणाऱ्या मॅक्रोला यातली कोणतीच खूण लावू नका, आकडा कितीही टोचत असला तरी.

प्रत्येक खुणेशेजारी कारण दोन-चार शब्दांत लिहा: «अॅसर्ट, नापास वाट चाचणीत येत नाही», असं. कोड शेतकऱ्याच्या स्टार्टर पेटीत घालण्याआधी ग्रेपनं सगळ्या खुणा शोधा, आणि ज्या ओळीचं कारण आता लागू नाही तिची खूण काढून पुन्हा मोजा.